चढावर ओढ हवी असेल तर डायनोवरचा कमाल आकडा बघू नका

तुमचं म्हणणं असं की माल भरून चढ लागला की ट्रक काळा धूर सोडतो, इंजिनच्या मधल्या फेऱ्यांना (आरपीएमला) ओढच नाही, आणि रेडीमेड ट्यूनिंग बॉक्स लावून काही फरक पडला नाही. आता डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, कस्टम ट्यून (तुमच्याच इंजिनाप्रमाणे सेटिंग) करून घ्यावं का आणि किती हॉर्सपॉवर वाढेल, हे तुम्हाला हवंय. ट्यून जरूर करून घ्या. किती वाढेल ते मात्र आत्ता विचारू नका, कारण तुमचं इंजिन आज कुठे आहे हेच अजून कोणी मोजलेलं नाही.

आधी तो बॉक्स काढा. असे बहुतेक बॉक्स रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल बदलून ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दाखवतात, मग ईसीयू ते वाढवतो. डिझेल जास्त जातं, पण तेवढी हवा आहे का, इंजेक्शन किती अंश आधी सुरू व्हायला हवं, याचा हिशोब त्यात कुठेच नसतो. तुमचा काळा धूर म्हणजे हवेअभावी अर्धवट जळालेलं डिझेल. शिवाय बॉक्स तसाच ठेवून ट्यूनिंगला गेलात, तर ट्यूनरला लॉगमध्ये (सेन्सरच्या नोंदींमध्ये) दिसणारं प्रेशरच खोटं असेल.

मग काहीही न बदलता डायनोवर एक बेसलाइन रन, म्हणजे आजची स्थिती मोजणारी चाचणी, घ्या. माझ्या ट्रकचा बेसलाइन काढला तेव्हा टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) रेषा १९०० फेऱ्यांपर्यंत छान चढली आणि २२०० च्या आसपास खाली बसली. ट्यूनरने तिथेच काम थांबवलं. डिझेल वाढवून तो खड्डा बुजवता आला असता आणि मीही खूश होऊन घरी गेलो असतो. त्याऐवजी त्याने इनटेकमध्ये हवेचा दाब भरला आणि जोडांवर साबणाचं पाणी मारलं. इंटरकूलरच्या (टर्बोकडून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) होजवर, क्लॅम्पच्या अगदी कडेला, नखाएवढी चीर होती. एरवी ती मिटलेली असायची, बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) चढला की उघडायची. तिच्याभोवती तेलकट काळी धूळ बसलेली होती आणि तो होज मी कित्येकदा हाताने चाचपलेला होता. होज बदलल्यावर खड्डा गेला, तोही ट्यूनिंग सुरू होण्याआधी. म्हणून सांगतो, डायनोची वेळ घेण्याआधी बूस्टची गळती, एअर आणि डिझेल फिल्टर, इंजेक्टरचं रिटर्न (इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल) हे सगळं तपासून घ्या.

डायनो कोणता आहे हे विचारायला लाजू नका. नुसता जड रोलर फिरवणारा इनर्शिया डायनो तुमच्या कामाला अपुरा आहे. तिथे रन काही सेकंदांत संपतो, आणि टर्बो डिझेलला मालासह चढावर येतो तसा भार त्यात बसतच नाही. एडी करंट ब्रेक (रोलरला चुंबकाने रोखणारा ब्रेक) असलेला लोड डायनो शोधा. त्यावर इंजिन १८०० फेऱ्यांना धरून ठेवता येतं, भार वाढवत नेता येतो, आणि मॅपमधला (ईसीयूमधल्या सेटिंगच्या तक्त्यातला) तेवढाच भाग सुधारता येतो. खरं कस्टम ट्यूनिंग मी यालाच म्हणतो.

कमाल आकड्याचंही असंच आहे. किलोवॅटमधली ताकद म्हणजे न्यूटन मीटरमधला टॉर्क गुणिले फेऱ्या भागिले ९५४९. १८०० फेऱ्यांना ६०० न्यूटन मीटर म्हणजे ११३ किलोवॅट. तेवढेच ११३ किलोवॅट ३४०० फेऱ्यांना अवघ्या ३१८ न्यूटन मीटरवर मिळतात. कागदावर आकडा तोच, पण तुमचं इंजिन चढावर १८०० च्या आसपास फिरत असेल तर ३४०० ला ताकद देणाऱ्या दुसऱ्या ट्रकला तिथे काहीच ओढ नसू शकते. म्हणून आलेखात १६०० ते २२०० चा पट्टा बघा.

सगळ्यात जास्त लक्ष एक्झॉस्टच्या तापमानावर ठेवा. तापमान मोजणारा प्रोब टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच हवा. टर्बोनंतर आकडा बराच कमी दिसतो आणि उगाच धीर देतो. मालवाहू ट्रकसाठी सतत भाराखाली ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे मी जाऊ देत नाही. डायनोवर भार धरल्यावर काटा ६५०, ६८० करत चढतच राहिला, तर पाच सेकंदांच्या रनमध्ये सुंदर दिसणारा तोच ट्यून लांबलचक घाटात पिस्टन आणि टर्बो खाईल. इंजेक्शन थोडं आधी केलं तर तापमान उतरतं, पण सिलिंडरमधलं प्रेशर वाढून हेड गॅस्केटवर ताण येतो. हा तोल कुठे साधायचा हे ट्यूनरने तुम्हाला नीट समजावून सांगितलं पाहिजे.

क्लचचंही बघा. फेऱ्या वाढतायत आणि रोलरचा वेग तेवढाच, म्हणजे प्लेट घसरतेय. मग टॉर्क वाढवण्यात अर्थ नाही.

डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनमध्ये सोडणारी यंत्रणा) काढल्याशिवाय ट्यून होत नाही असं कोणी सांगितलं तर तिथून निघा. मॅप नीट बांधला तर ते जागेवर ठेवूनही मधली ओढ सुधारते. ते काढणं अनेक देशांत बेकायदा आहे, आणि मागच्या गाडीवाल्याने तुमचा धूर का खावा?

रन आधीचे आणि नंतरचे, दोन्ही एकाच डायनोवर, एकाच गिअरमध्ये आणि एकाच करेक्शनने (हवामानानुसार आकडा जुळवण्याच्या हिशोबाने) घ्या. गिअर शक्यतो १:१ च्या जवळचा. निघताना आलेखाबरोबर लॉग आणि ईसीयूची मूळ फाइलही मागून घ्या. सर्व्हिसला कोणी सॉफ्टवेअर अपडेट केलं तर ट्यून पुसला जाऊ शकतो, म्हणून ट्यूनची फाइल परत टाकून देणार का, हेही पैसे देण्याआधीच ठरवा.