पिल्लं पहिल्यांदा अंगणात सोडताना

प्रश्न : वनराजा जातीच्या कोंबडीची पिल्लं आणली, आज तीन आठवड्यांची झाली. बल्बखाली ठेवली आहेत. अंगणात कधी सोडू? (लाखनी, जि. भंडारा)

ताई, दिवस मोजण्यापेक्षा पिल्लांच्या अंगावर पाहा. लव जाऊन पाठीवर आणि छातीवर खरी पिसं आली का? ती यायला पाच-सहा आठवडे लागतात. लव पाणी अडवत नाही, त्यामुळे एका सरीत भिजलेलं पिल्लू थंडीनं गारठून मरतं. पहिल्या आठवड्यात बल्बखाली साधारण 35 अंश ऊब ठेवायची आणि पुढं दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवायची. सोडण्याआधी दोन-चार दिवस दिवसा बल्ब बंद करून बघा. पिल्लं एकमेकांवर चढून गोळा होत असतील तर अजून थांबा.

दुसरी गोष्ट जमिनीची. झड लागली असेल तर पिसं आलेलं पिल्लूसुद्धा घरातच बरं. उघाड पडली, अंगण सुकलं, की सकाळी ओल उडाल्यावर अर्धा तास सोडा आणि मग रोज थोडा थोडा वेळ वाढवा. मे महिन्यात मात्र नऊ वाजेपर्यंतच. चोच उघडी ठेवून, पंख सैल सोडून धापा टाकणारं पिल्लू दिसलं की लगेच सावलीत घेऊन पाणी द्या.

प्रश्न : आमची पिल्लं खुडूक कोंबडीनंच काढली. त्यांनाही एवढं थांबवायचं का? (पुसद)

नाही. आई पंखाखाली ऊब देते, घार दिसताच इशारा देते. आठ-दहा दिवस तिला पिल्लांसह डालग्याखाली ठेवा, मग कोरड्या दिवशी सोबतच सोडा. पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात खडे टाका. खोल भांड्यात पिल्लं बुडून मरतात.

प्रश्न : मागच्या वेळी सात पिल्लं गेली. काही घारीनं नेली, काही मुंगसानं. घरात बाई माणसाचा तेवढाच हक्काचा पैसा असतो. काय करावं? (समुद्रपूर, जि. वर्धा)

तुमचं म्हणणं अगदी खरं आहे, म्हणूनच हे सविस्तर लिहितो. दोन्ही शत्रूंचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.

घार वरून येते. शिक्रा हा शिकारी पक्षी झाडाआडून सुसाट येतो, कावळा एकटं पडलेलं लहान पिल्लू उचलतो. यांना अडवायला छत लागतं. मासे धरायचं जुनं जाळं चार खुंटांवर ताणलं तरी भागतं. एका कोपऱ्यावर तुऱ्हाट्या किंवा पऱ्हाट्या टाका, म्हणजे सावली होते आणि पिल्लांना दडायला जागाही मिळते.

मुंगूस जमिनीलगत येतं, उकरून आत शिरतं. कोंबड्यांची नेहमीची मोठ्या भोकांची जाळी त्याला पुरत नाही, शिवाय लहान पिल्लं तिच्यातून बाहेर पडतात. खालचा दोन फूट भाग अर्ध्या इंचाच्या जाळीचा करा, ती वीतभर जमिनीत गाडा आणि बाहेरून दगड लावा. लाकडांचा ढीग, कुटाराची गंजी कुंपणापासून दूर हवी, कारण मुंगूस आणि साप तिथंच दबा धरतात. सूर्य मावळायच्या आत पिल्लं मोजून खुराड्यात घ्या. पहिले पंधरा दिवस कोणीतरी मोठं माणूस जवळ बसलं तर सगळ्यात उत्तम. हे काम लहान मुलावर सोपवू नका.

प्रश्न : बाहेर सोडल्यावर आठवडाभरात विष्ठेत रक्त दिसलं. लस तर दिली होती. (मूल, जि. चंद्रपूर)

मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लसीनं ही रक्ती हगवण थांबत नाही, हा आजार वेगळा आहे. ओल्या, विष्ठा साचलेल्या जागी त्याचे जंतू वाढतात आणि मोठ्या कोंबड्यांकडून पिल्लांना मिळतात. आजारी पिल्लं आजच वेगळी करा आणि पशुवैद्यकाकडून पाण्यातून द्यायचं औषध घ्या. खालचं धानाचं तूस बदला. पिल्लांना मोठ्या कोंबड्यांत एकदम मिसळू नका.

मानमोडीची लस मात्र चुकवू नका. पहिल्या आठवड्यात लासोटा नावाची लस डोळ्यात थेंब टाकून, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आठव्या आठवड्यात आरटूबी या त्याच रोगाच्या दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. लस बर्फातूनच आणावी लागते आणि एका कुपीत शंभर-दोनशे मात्रा असतात. शेजारच्या चार घरांनी मिळून आणली तर वाया जात नाही.

प्रश्न : घरामागेच कपाशी आहे. पिल्लं तिकडं गेली तर चालेल? (राळेगाव)

फवारणीच्या हंगामात अजिबात नाही. औषधानं मेलेल्या अळ्या पिल्लं आवडीनं टिपतात. पंप धुतलेलं पाणी जिथं साचतं तिथं तर त्यांना फिरकूही देऊ नका. पेरणीच्या दिवसांत औषध चोळलेलं रंगीत बियाणं, युरियाचे दाणेही बंद डब्यात ठेवा.