वाचकांचे प्रश्न : सिनेमात खोटं आहे, मग मी रडले ते काय?

प्रश्न : काका, मी वाईची, एफवायला आहे. क्वीन या इंग्लिश रॉक बँडवरचा 'बोहेमियन रॅप्सडी' सिनेमा तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा रडले. दादा म्हणतो, त्यातलं निम्मं खोटं आहे. मग माझं रडणं वेडेपणाचं होतं का?

उत्तर : मुळीच नाही. मीही रडलोय. पण तुझा दादा म्हणतो त्यात तथ्य आहे, आणि माझा या सिनेमावर राग आहे तो त्यामुळेच.

सिनेमात काय होतं बघ. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी एकट्याचा अल्बम करायला निघतो, बाकीचे तिघं दुखावतात, बँड फुटतो. मग दुष्काळग्रस्तांच्या मदतीच्या 'लाइव्ह एड' या कार्यक्रमासाठी पुन्हा एकत्र येतात आणि सरावाच्या वेळी तो त्यांना आपल्याला एड्स झाल्याचं सांगतो. आता खरं काय झालं ते ऐक. जानेवारी १९८५ मध्ये हे चौघं रिओला वाजवत होते, मे महिन्यात जपानमध्ये. लाइव्ह एड झालं १३ जुलैला. म्हणजे जेमतेम दोन महिन्यांची सुट्टी! एकट्याच्या अल्बमचं म्हणशील, तर ड्रमर रॉजर टेलरनं स्वतःचा अल्बम १९८१ मध्येच काढला होता. आणि फ्रेडीच्या जोडीदारानं पुढे लिहिलंय त्याप्रमाणे आजाराचं निदान झालं १९८७ मध्ये, लाइव्ह एडनंतर दोन वर्षांनी.

हे पुढचं मागं केलं ते शेवटचा कार्यक्रम बघताना आपल्या डोळ्यांत जास्त पाणी यावं म्हणून. त्या कार्यक्रमाला अशा टेकूची काही गरज नव्हती गं. खरं चित्रण मिळतं, ते बघ. वेम्बलीचं मैदान, लंडनच्या उन्हाळ्यातला लख्ख उजेड. ना दिव्यांचा झगमगाट, ना धूर. पियानोवर कागदी पेले ठेवलेले. 'रेडिओ गा गा' या गाण्याला डोक्यावर हात नेऊन दोन टाळ्या पडतात, तेव्हा पार मागच्या रांगेपर्यंत हात एकदम वर जातात. सत्तर हजारांवर माणसं होती तिथे. मग तो नुसत्या आवाजानं त्यांच्याकडून आलाप म्हणवून घेतो, आपल्याकडे गुरुजी पोरांकडून पलटे घोटून घेतात तसा. अंगात जोर असलेला, मजेत गाणारा माणूस आहे तो. त्याच्या डोक्यावर दोन वर्षं आधीच मरण आणून ठेवलं, हे मला पटत नाही. माणूस खरा होऊन गेलेला असेल, तर त्याचे दिवस त्याच्या क्रमानं सांगावेत.

दुसरी माझी तक्रार आपल्या घरची आहे. सिनेमातली गोष्ट लंडनमध्ये १९७० पासून सुरू होते. त्याची पाचगणीची वर्षं दाखवलेलीच नाहीत. झांझिबारला जन्मलेल्या या पारशी मुलाला आईवडिलांनी आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये ठेवलं. तिथे तो पियानो शिकला, 'फ्रेडी' हे नाव त्याला तिथेच मिळालं आणि पहिला बँड, द हेक्टिक्स, तोही तिथलाच. आईबापांपासून समुद्रापलीकडे राहिलेलं ते पोर पडद्यावर दिसायला हवं होतं. तू तर वाईची. पसरणीचा घाट चढलीस की पाचगणीच.

पण एक प्रसंग मात्र त्यांनी जीव ओतून केलाय, त्याबद्दल मी त्यांना सलाम करतो. वेल्समधल्या स्टुडिओत 'बोहेमियन रॅप्सडी' हे गाणं भरतात तो. साताऱ्यात राजपथावर माझं कॅसेटचं दुकान होतं. साठ मिनिटांची, नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आणून लोक यादी द्यायचे, मी भरून द्यायचो. त्यामुळे एक गोष्ट कानात पक्की बसलीय : एका टेपवरून दुसरी भरली, तिच्यावरून तिसरी, की मागे 'स्स्स' वाढत जातो आणि झांजेचं टोक बोथट होतं. १९७५ मध्ये या लोकांनी त्या गाण्यातल्या मधल्या ऑपेराच्या भागासाठी तिघांचेच आवाज पुन्हा पुन्हा भरले, एकात एक मिसळले आणि त्यावर आणखी भरले. टेप यंत्रातून इतक्यांदा फिरली, की वरचा थर झिजून तिच्यातून आरपार दिसायला लागलं, असं बँडचा गिटारवादक ब्रायन मेनं सांगितलंय. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा दुकानातली एक जुनी कॅसेट उघडली आणि टेपचा तुकडा ट्यूबलाइटसमोर धरून पाहिला. काळी कुळकुळीत, उजेडाचा ठिपकाही दिसेना. म्हणजे त्यांनी ती किती घासली असेल!

तेव्हा रडलीस ते बरंच केलंस. आता खरा कार्यक्रम दादाला शेजारी बसवून बघ.

प्रश्न : 'सिंहासन' सिनेमा फार आवडला. आता कादंबरी वाचायची गरज आहे का? सिनेमात बदल केलेत म्हणतात. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : वाचाच, आणि एक नाही, दोन वाचा. जब्बार पटेलांचा हा १९७९ चा सिनेमा अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर आहे. विजय तेंडुलकरांनी त्यातून एक पटकथा काढली. दोन जाडजूड कादंबऱ्या एका सिनेमात बसवायच्या, म्हणजे कापाकापी आलीच. तिथे माझी हरकत नाही, कारण जिवाजीराव काय, विश्वासराव काय, ही कल्पनेतली माणसं. ती कशी वळवायची याचा हक्क कलावंताला आहे, फक्त त्यांचा स्वभाव सुटता कामा नये. इथे तो सुटलेला नाही. निळूभाऊ फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस शेवटी रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो, ते हसणं डोळ्यांपुढे ठेवून 'मुंबई दिनांक' वाचा. मी तसं केलं आणि दिगूचं प्रत्येक वाक्य मला त्यांच्याच आवाजात ऐकू आलं.

प्रश्न : मुलगा दिवसभर रॉक लावतो. मला नुसता गोंगाट वाटतो. तो म्हणतो, "आई, तुला कळत नाही." (एक आई, चिपळूण)

उत्तर : ताई, तुमचे कान ठीक आहेत. बंद दारातून फक्त ढोल येतो, गाणं येत नाही. त्याला म्हणा, क्वीनचंच 'लव्ह ऑफ माय लाइफ' लाव, आधी १९७५ चं. त्यात पियानो आहे, ब्रायन मेनं छेडलेली हार्प आहे, गोंगाट कुठेच नाही. मग १९७९ च्या 'लाइव्ह किलर्स' या जाहीर कार्यक्रमांच्या अल्बममधलं तेच गाणं लावायला सांगा. तिथे एका गिटारवर गाणं चालू होतं आणि फ्रेडी मध्येच थांबतो. पुढची ओळ समोरचे लोक म्हणतात. माझी आई भजनी मंडळातली, इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं तिला. दुकानात तिनं हे ऐकलं आणि मला म्हणाली, "अरे, हे तर मागचे टाळकरी धरतात तसंच आहे. परत लाव."