विश्वास डळमळतोय? मग सुरुवात इथून करा

'देव चांगला आहे, तर एवढं दुःख का?' हा प्रश्न पडला म्हणजे विश्वास गेला, असं अजिबात समजू नका. पवित्र शास्त्रातच, म्हणजे बायबलमध्येच, तो ठिकठिकाणी विचारलाय.

आधी बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक घ्या; सारं काही गमावलेल्या एका नीतिमान माणसाची ती गोष्ट. सगळे 42 अध्याय एका दमात नकोत. पहिले तीन आणि शेवटचे पाच वाचा. त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ठीक होतं. मग 'तुझंच काही पाप असणार' म्हणू लागले. शेवटी देवाचा राग पेटतो तो या मित्रांवर. ईयोबाला मात्र 'का'चं उत्तर मिळत नाहीच.

नवख्यांच्या चुका बहुधा याच:

- संकटामागे कुणाचं तरी पाप शोधणं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायात येशूचे शिष्य जन्मांधाबद्दल तेच विचारतात. येशू साफ नाही म्हणतो.
- प्रार्थनेत राग गिळणं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 88 अंधारातच संपतं, तरी ती प्रार्थनाच आहे. मोठ्याने वाचा आणि पुढे स्वतःचं गाऱ्हाणं मांडा.
- एकटं पडणं.

पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले. पुढे 1896 च्या दुष्काळात त्यांनीच मध्य प्रांतातल्या मुलींना आसरा दिला. आधी कोडं सुटू दे, म्हणून त्या थांबल्या नाहीत. तुम्हीही रविवारी उपासनेनंतर एखाद्या आजाऱ्याकडे जाऊन बसा. तिथे 'देवाची इच्छा' एवढं मात्र म्हणू नका.

मूळ पाप, स्वतंत्र इच्छा यांवरचे जाडजूड ग्रंथ सध्या राहू देत. झोप-जेवण सुटलं असेल, तर पाळकांबरोबर डॉक्टरांनाही भेटा.