पहिल्यांदाच २४ तासांची सायकल रिले करताय ना, मग हे वाचाच

रिले म्हणजे टीममधल्या एकेकाने आळीपाळीने लॅप, म्हणजे ट्रॅकची फेरी, मारायची. टीममध्ये घरचे नि मित्र आहेत म्हणजे स्पीड प्रत्येकाचा वेगळा असणार, ते आधीच मान्य करा. पहिल्या लॅपला सगळेच जोशात सुटतात आणि रात्री दोनला पाय गळून जातात, त्यामुळे पहिला लॅप मुद्दाम दमाने काढा, खरंच सांगतो.

रात्रीचं प्लॅनिंग सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येकाने एकेक लॅप मारायचा म्हटलं की कोणालाच नीट झोप मिळत नाही, त्यापेक्षा रात्री सलग दोन-दोन लॅप घ्या म्हणजे बाकीच्यांना सलग आराम मिळतो. लाइट दोन हवेत, एक हँडलबारवर आणि एक हेल्मेटवर, कारण हँडलबारचा लाइट हँडल वळेल तिकडेच जातो पण हेल्मेटचा तुम्ही बघाल तिकडे, वळणाच्या पलीकडचा दगड त्यातच दिसतो. बॅटरी लॅप संपला की लगेच चार्जिंगला, नंतर लावू म्हणालात की राहिलंच.

लॅपहून आलात की आधी ओली शॉर्ट्स बदला, मग गप्पा. बसायच्या जागी सालटं निघाली की पुढचं सगळं अवघड होतं. खाणं भूक लागायची वाट न बघता, चालवताना तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स पोटात गेले पाहिजेत.

आणि पुढच्या रायडरला उठवायची जबाबदारी एकाच माणसावर द्या, जो सायकल चालवत नाहीये असा कोणी घरचा असेल तर उत्तमच, अर्धा तास आधी उठवा, बदलीच्या जागी थंडीत उभं राहून वाट बघणं फार वाईट.