मोठा आल्टरनेटर टाकूनही बॅटरी उतरते? आधी केबल आणि अर्थिंग तपासा

मलकापूरच्या भावानं लिहिलंय की त्याची पिकअप २००८ ची डिझेल. मागं श्रीखंड-पनीरसाठी थंड पेटी बसवलीय. मूळचा आल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करतो आणि बॅटरी भरतो तो) काढून ९० अँपिअरचा टाकला, तरी रात्री आंबा घाटात हेडलाइट मंद होतात आणि सकाळी सेल्फ उचलत नाही. बॅटरीवाला म्हणतो बॅटरी चांगली आहे, वायरमन म्हणतो बॅटरी बदला. भावा, माझ्या गाडीचं अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय. मी इलेक्ट्रिशियन नाही, स्वतःची गाडी स्वतः बघणारा माणूस आहे. खालचे आकडे १२ व्होल्टच्या गाडीचे आहेत, २४ व्होल्टला लावू नका.

तू आल्टरनेटर बदललास, पण त्याच्यापासून बॅटरीपर्यंतची वायर बदलली का, हे कुठंच लिहिलं नाहीस. माझा संशय तिथंच आहे. गाडी चालू करून रेस १५०० आरपीएमच्या वर धर. हेडलाइट, ब्लोअर, पेटीचे पंखे, सगळं चालू ठेव. व्होल्ट मोजायच्या मीटरची लाल पिन आल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर आणि काळी पिन बॅटरीच्या प्लस खुंटीवर लाव. खुंटीवरच, वरच्या क्लिपवर नाही. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर वायर किंवा तिचे जोड कमी पडतायत. मग आल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीची मायनस खुंटी असंच मोज. तिथं ०.२ व्होल्टच्या वर जायला नको. ही दुसरी तपासणी बहुतेक जण करतच नाहीत, आणि जुन्या गाडीत इंजिन ते चॅसीची अर्थिंगची पट्टी (करंट परत मायनसकडं जायची वाट) गंजून निम्मी झालेली असते.

हिशोब साधा आहे. तांब्याच्या १ स्क्वेअर एमएम तारेचा रोध दर मीटर लांबीला साधारण ०.०१७५ ओहम. समजा तुझी जुनी वायर ६ स्क्वेअर एमएमची आणि दोन मीटर लांब आहे. तिच्यातून ९० अँपिअर गेले तर अर्ध्या व्होल्टच्या वर वायरीतच जातं आणि ती जवळपास ४७ वॅटनं तापते. तीच वायर २५ स्क्वेअर एमएमची केली तर नुकसान ०.१३ व्होल्टच्या आत राहतं. आल्टरनेटरपाशी १४.२ आणि बॅटरीवर १३.३ अशी गाडी रोज पळाली तर बॅटरी पूर्ण भरतच नाही. अर्धवट भरलेल्या प्लेटांवर सल्फेट धरत जातं आणि नवी बॅटरीसुद्धा मरते.

आता माझे पैसे कुठं गेले ते सांगतो. बॅटरी नवी होती, वॉरंटीत होती. बॅटरीच्या दुकानात काउंटरवर नेली की ते ठेवून घ्यायचे, रात्रभर चार्जरवर लावायचे आणि सकाळी 'बॅटरी ओके' अशी चिठ्ठी देऊन चार्जिंगचे पैसे घ्यायचे. मी हात जोडून सांगितलं, गाडी बाहेर उभी आहे, एकदा चालू गाडीवर मीटर लावा. "गाडी बघणं आमचं काम नाही," एवढंच उत्तर. चार्जरवरून उतरवलेली बॅटरी चांगलीच दाखवणार, त्यात काय तपासलं? हे होता होता प्लेटा खराब झाल्या, तेव्हा मात्र जादा फिटिंग असल्याचं सांगून वॉरंटी नाकारली. दुसरी बॅटरी विकत घेतली, तीही त्याच वाटेनं गेली. दूध नासलं, गिऱ्हाईक तुटलं, ते वेगळंच. दुकानाचं नाव घेत नाही, पण ज्याच्या पोटावर पाय येतो त्याच्यासाठी पाच मिनिटं बाहेर न येणं मला आजही पटत नाही. म्हणून सांगतो, कुणीही बॅटरी खोलून न्यायला लागला की आधी गाडीवरचे आकडे मागायचे आणि फोटो काढून ठेवायचे.

केबल घेताना नुसत्या जाडीवर जाऊ नका. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल बाजारात सर्रास मिळते. एक तार ब्लेडनं खरवडायची, आत पांढरी दिसली तर परत द्यायची. घरगुती वायरिंगची तार इंजिनजवळ नको, तिचं कव्हर ७० अंशांचं असतं. थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाची कडी, हातोडीनं ठोकून बसवू नका. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनलचं काम करणाऱ्यांकडं थिंबल दाबून बसवायचा हायड्रॉलिक क्रिंपर असतो, केबल मापानं कापून तिथंच दाबून घ्या आणि वर स्लीव्ह चढवा. तेवढ्याच जाडीची एक केबल इंजिनपासून बॅटरीच्या मायनसला पण टाका, नाहीतर अर्धंच काम होतं.

प्लसच्या केबलला फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरात. केबल घासून चॅसीला लागली तर गाडी पेटवण्याइतका करंट बॅटरीतून येतो. ९० अँपिअरच्या आल्टरनेटरला मी १२५ अँपिअरचा फ्यूज ठेवलाय. काम करताना मायनस आधी काढायचं हे माहीत असेलच. पण गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग बघणारे' अजून आहेत, त्यांना हात लावू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळून आल्टरनेटरचे डायोड जातात.

अजून एक, आणि हे जिवावरचं आहे. जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरचा (पेडल हलकं करणारा) व्हॅक्यूम पंप बऱ्याचदा आल्टरनेटरच्या पाठीलाच असतो. तुझा नवा आल्टरनेटर पंपासकट आहे का, ऑइलचे पाइप नीट बसलेत का, हे आज बघ. पंप नसला तर पेडल कडक होतं, आणि भरलेली गाडी घाटात थांबवणं अवघड होऊन बसतं.

आल्टरनेटर फिरवणारा बेल्टही बघ. एका व्ही-बेल्टवर ९० अँपिअरचा भार जास्तच आहे, पावसात तो घसरतो. शिवाय ९० हा आकडा आल्टरनेटर जोरात फिरताना मिळतो. आयडलला, म्हणजे रेस न देता, निम्म्याच्या आसपास धर. डेअरीच्या दारात गाडी उभी करून पेटीचे पंखे तासभर चालवले तर कितीही जाड केबल टाक, बॅटरी उतरणारच.

प्लसचा आणि मायनसचा, दोन्ही आकडे इथं टाक. सगळा लोड चालू होता का तेही लिही, म्हणजे पुढचं बोलता येईल.