होडीसाठी व्हीएचएफ (समुद्रावर बोलायचा रेडिओ): हातातला घ्यावा की बसवायचा? (मालवणहून मासेमारी, 10-12 किमी आत)

बसवायचा 25 वॅटचा, डीएससी (बटणाने संकटाचा डिजिटल संदेश पाठवायची सोय) असलेला सेट घ्या. हातातला 5-6 वॅटचा जोडीला ठेवा, त्याच्या बदल्यात नको. हे सेट बसवायचं काम करतो म्हणून सांगतो, लोक वॅट बघतात, पण पल्ला ठरतो अँटेनाच्या उंचीवर. व्हीएचएफच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. दोन्ही बोटींचे अँटेना पाण्यापासून 9 मीटरवर असतील तर हिशेबाने 25 किमी. हातातले सेट 2 मीटरवर धरले तर 11-12, आणि लाटांत त्याहून कमीच. त्यामुळे पैसे उरले तर अँटेनासाठी उंच काठी आणि चांगली केबल घ्या.

झाकणाखालचं लाल बटण काही सेकंद दाबून धरलं की चॅनल 70 वर संकटाचा संदेश आपोआप जातो. पण सेटमध्ये एमएमएसआय नंबर (होडीच्या सेटचा ओळख नंबर) भरलेला नसेल तर ते बटण नुसतं शोभेचं, आणि जीपीएस जोडलेला नसेल तर तुम्ही कुठे आहात हे त्यात आपोआप जात नाही. बोलायला चॅनल 16.

हातातला सेट निदान आयपीएक्स7 (पाण्यापासून बचावाचा दर्जा) असावा, म्हणजे पाण्यात पडला तरी चालेल. एक अट: परवाना लागतो, तेव्हा बिल करण्याआधी विक्रेत्याकडून त्याची कागदपत्रं समजून घ्या.