२८ हजारांची तपासणी आणि ६० हजारांचा हप्ता

प्रश्न: वय ३४, सांगली, खासगी नोकरी, पगार ५५ हजार. मुलगी चौदा महिन्यांची. जन्मतः हृदयाला छिद्र, टाळूला फट. डॉक्टरांनी एक्झोम तपासणी (जनुकांतले दोष शोधणारी रक्ततपासणी) सुचवली आहे, खर्च २८ हजार. त्यासाठी एफडी मोडू, की तपासणीचा दर उतरेपर्यंत थांबू? बाकी तिच्या भविष्याची सोय केली आहे: तिच्या नावाची पॉलिसी, वर्षाला ६० हजार, १५ वर्षं, वीस वर्षांनी १५ लाख मिळतील. पहिला हप्ता भरला. कंपनीच्या आरोग्यविम्यात मी आणि पत्नी आहोत.

उत्तर: एफडी मोडा, थांबू नका. फक्त जनुकतज्ज्ञांना विचारा, आधी गुणसूत्रांचे गळालेले-वाढलेले तुकडे शोधणारी मायक्रोअ‍ॅरे करायची का? हृदय आणि टाळू दोन्हींत दोष असला की २२व्या गुणसूत्राचा बारीक तुकडा गळालेला असू शकतो, आणि तो मायक्रोअ‍ॅरेत सापडतो. अहवालातून औषध निघेल ही आशा ठेवू नका. बऱ्याचदा निदानही होत नाही. झालं, तर पुढे कशावर लक्ष ठेवायचं आणि दुसऱ्या बाळाला धोका किती, हे कळतं. टाळूच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र आधी सिव्हिलमध्ये चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ती मोफत होते.

आता न विचारलेलं. मुलीच्या आयुष्याचा विमा कशासाठी? तिच्या कमाईवर घरात कोण जगतं? ज्याच्या पगारावर तिघं जगतात, त्याच्या टर्म विम्याचा (मुदतीत मृत्यू झाला तर कुटुंबाला रक्कम देणारा विमा) पत्रात उल्लेखही नाही. उद्या तुम्ही नसलात तर हा हप्ता तरी कोण भरणार? आणि या मुलीला आधार कदाचित पंचविशीनंतरही लागेल.

नऊ लाख भरून वीस वर्षांनी पंधरा, म्हणजे जेमतेम चार टक्के. एजंटाने हे सांगितलं नसणारच. तेच ६० हजार १५ वर्षं सुकन्या समृद्धीत घातले, तर सध्याच्या दराने खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी २७-२८ लाख होतात. पहिला हप्ता बुडाला असं समजा, पुढचे चौदा वाचवा. त्यातलेच १२-१५ हजार काढून स्वतःचा एक कोटीचा टर्म विमा घ्या, उरलेले सुकन्येत.

आणि कंपनीच्या विम्यात मुलगी का नाही? अनेक ग्रुप पॉलिसींत जन्मजात आजारही धरतात, पण नाव मुदतीत कळवावं लागतं. ती मुदत गेलीच असेल. एचआरला आजच मेल टाका, आणि तिचं नाव तेव्हा घालता यावं म्हणून पुढच्या नूतनीकरणाची तारीख लेखी मागा.